उघड्या पाठीचा रेडिओ : मराठवाड्यानं खर्ज कसा ऐकला

(शहराच्या इतिहासावरच्या व्याख्यानमालेतल्या एका भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)

मागच्या वेळी आपण शहराच्या पाण्याबद्दल बोललो, नहरींबद्दल बोललो. आजचा विषय कळल्यावर काहींनी विचारलं, की बाबांनो, स्पीकरचा आणि इतिहासाचा काय संबंध? संबंध आहे. आणि तो या टेबलावरच ठेवला आहे.

हा व्हॉल्व्हचा रेडिओ. पन्नासच्या दशकातला. लाकडी पेटी, पुढे कापडाची जाळी, खाली चार खुंट्या. आता तो फिरवतो. मागची बाजू बघा. पुठ्ठ्याचं झाकण आहे आणि त्याला भोकंच भोकं. म्हणजे पेटी मागून उघडीच आहे. आज आपण घेतो त्या स्पीकरच्या खोक्याला मागून कुठे फट दिसली, तर दुकानदाराकडे परत नेऊ. मग त्या काळच्या एवढ्या महागड्या वस्तूला पाठच का नव्हती?

या प्रश्नामागे दुसरा प्रश्न आहे, आणि तो इतिहासाचा आहे. आम्ही जुन्या वस्त्यांमधून, गुलमंडीपासून शहागंजपर्यंत, वयस्कर माणसांशी बोलत असतो. रेडिओचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : "तो आवाजच वेगळा होता हो. काय भरदार! काय घुमायचा!" आणि इकडे ध्वनिशास्त्र सांगतं, की अशा उघड्या पाठीच्या पेटीतून खर्ज, म्हणजे खालचे सूर, नीट येऊच शकत नाहीत. मग खरं कोण? आठवण की गणित? आजचं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी गणित बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

स्पीकरचा कागदी पडदा पुढे-मागे हलतो. तो पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, आणि नेमकी त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकाच पडद्यातून दोन आवाज निघतात, पुढचा आणि मागचा, एकमेकांच्या बरोबर उलट. हे दोन आवाज एकमेकांना भेटले की खोडून काढतात. हौदात हात घालून अगदी सावकाश हलवा. पाणी बोटांना वळसा घालून मागे जातं, लाट उठतच नाही. तोच हात झटक्यात मारा, लाट उठते. आवाजाचं तसंच आहे. वरचे सूर झटक्याचे, त्यांना वळसा घालून मागे जायला सवडच मिळत नाही. खालचे सूर सावकाश, ते कडेनं फिरून मागच्या आवाजाला मिळतात आणि दोघंही संपतात.

आता हे ऐका. (वक्ते सुटा स्पीकर हातात धरून वाजवतात.) डब्यात कुणी बोलतंय असं वाटतं ना? आता हाच स्पीकर, आवाज तेवढाच, या प्लायवूडच्या फळीला पाडलेल्या भोकावर धरतो. (सभागृहातून प्रतिसाद.) आला ना अंगात? आम्ही ना वीज वाढवली, ना स्पीकर बदलला. फक्त मागच्या आवाजाचा पुढे येण्याचा रस्ता लांब केला. ही जी फळी, तिला इंग्रजीत बॅफल म्हणतात. खोकं नाही, नुसती फळी, मागून मोकळी, म्हणून ओपन बॅफल. आपण उघडी फळी म्हणू.

ही फळी किती मोठी लागते? मागचा आवाज कडेला वळसा घालून पुढे येतो तेव्हा त्याला जे जास्तीचं अंतर पडतं, ते महत्त्वाचं. सुराची लहर त्या अंतराच्या साधारण सहापट लांब असेल, तिथपर्यंत उघडी फळी बंद खोक्याच्या बरोबरीनं वाजते. त्याच्या खाली गेलात, की प्रत्येक सप्तकाला आवाजाचा दाब निम्मा होतो. या रेडिओच्या पेटीत हे अंतर ढोबळमानानं ४५ सेंटिमीटर धरा. सहापट म्हणजे २.७ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. भागाकार केला की १२८ हर्ट्झ. म्हणजे १२८ च्या खाली उतार सुरू, ६४ हर्ट्झला दाब निम्मा. त्यात ६०-७० वर्षांपूर्वीचे रेडिओचे स्पीकर स्वतःच शंभरच्या आसपास दम टाकायचे. दोन्ही उतार एकत्र आले की खाली जवळजवळ काहीच उरत नाही.

हेच उघड्या फळीवर ५० हर्ट्झपर्यंत न्यायचं ठरवलं तर? स्पीकर मध्यभागी धरून सव्वादोन-अडीच मीटर लांब आणि तेवढीच रुंद फळी लागेल. घराचं दारसुद्धा त्याला पुरत नाही. एक उपाय मात्र होता, दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक पाडून त्यात स्पीकर बसवायचा. भिंत हीच फळी. पण वाड्याच्या भिंतीला त्यासाठी कोण हात लावू देणार? (हशा)

तर गणित असं आहे. आता इतिहासाकडे येऊ.

आज आपण वापरतो त्या स्पीकरची मूळ मांडणी १९२५ ची. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कागदी पडदा अशी रचना मांडली. त्याआधी रेडिओला कर्णा असायचा, ग्रामोफोनसारखा. राइस आणि केलॉग यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, की या पडद्याला फळी हवी. म्हणजे स्पीकर जन्मला तोच फळीसकट. पुढची तीसेक वर्षं जगभरात घरोघरी जे रेडिओ गेले, ते बहुतेक या उघड्या फळीचेच. फळीच्या कडा मागे वळवल्या आणि त्याला पेटी म्हटलं, एवढंच.

आणि पाठ उघडी का ठेवली? कारणं अगदी व्यवहाराची आहेत. पहिलं, व्हॉल्व्ह तापतात. तास-दोन तास रेडिओ चालला की पेटीच्या माथ्यावर हात ठेवून बघा. मागून हवा खेळती नसेल तर आतले भाग लवकर जातात. दुसरं, लाकूड आणि पैसा वाचतो. तिसरं, दुरुस्तीवाल्याला मागून हात घालता येतो. खर्ज जातो हे कारखान्यांना माहीत होतं. त्यांनी तो सौदा जाणूनबुजून केला.

आता आपल्या शहरात या. १९३० च्या दशकात हैदराबादला निजाम सरकारचं रेडिओ केंद्र सुरू झालं. लोक त्याला डेक्कन रेडिओ म्हणत. पुढे आपल्या औरंगाबादलाही केंद्र झालं, आणि १९५० मध्ये ही दोन्ही केंद्रं आकाशवाणीच्या जाळ्यात आली. आपलं शहर म्हणजे त्या संस्थानातलं नुसतं ऐकणारं गाव नव्हतं, बोलणारंही होतं. हे आपण विसरत चाललो आहोत, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि एक तारीख. १७ सप्टेंबर १९४८. औरंगाबादेत भारतीय फौज त्याआधीच पोहोचली होती. त्या दिवशी निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबादच्या रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. मराठवाड्याचा मुक्तिदिन आपण त्या तारखेला पाळतो. ती घोषणा ज्यांनी प्रत्यक्ष कानांनी ऐकली, त्यांनी ती अशाच पेटीतून ऐकली. पाठ उघडी, पुढे कापड, आणि समोर दाटीवाटीनं बसलेली माणसं. एका प्रदेशाच्या इतिहासातलं इतकं मोठं वाक्य कोणत्या आवाजात पोहोचलं, हा प्रश्न म्हणूनच आम्हाला फालतू वाटत नाही.

दुसरा प्रसंग, १९५५ चा. रामनवमीला, १ एप्रिलला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. आठवड्याला एक नवं गीत, वर्षभरात एकूण ५६. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, हे आपण सगळ्यांनी घरातल्यांकडून ऐकलं आहे. तेव्हा आपण अजून हैदराबाद राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. पण मध्यमलहरींना राज्याची हद्द कुठे असते? रात्र पडली की त्या लांबवर जातात. पुण्याचं केंद्र इकडे लावायचं म्हणजे खुंटी केसभर फिरवत बसायचं. मधे खरखर, मधे दुसरं एखादं केंद्र, आणि त्यातून गाणं.

आता नेमका प्रश्न विचारू. त्या गाण्यात डग्गा वाजतो. डग्ग्याचा घुमारा, मनगट दाबून काढलेली ती मींड. तंबोऱ्याची खर्जाची तार आहे. यातलं काय काय त्या पेटीतून घरात पोहोचलं?

तंबोऱ्यापासून सुरू करू. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरा, म्हणजे षड्ज साधारण १३९ हर्ट्झ. खर्जाची तार त्याच्या निम्मी, सुमारे ६९. गणितानं ती गेलीच पाहिजे. पण तंबोरा लबाड आहे. घोडीवर जवारी काढलेली असते, दोरा सरकवून ती जुळवलेली असते. त्यामुळे तारेची बहुतेक ताकद मूळ सुरात नसतेच, ती वरच्या उपस्वरांत असते. आपण तंबोऱ्याचा जो गुंजारव म्हणतो, तो या उपस्वरांचा. म्हणजे उघडी फळी जो भाग टाकून देते, तो तंबोऱ्यानं आधीच कमी ठेवलेला आहे. म्हणून रेडिओवर तंबोरा फारसा बिघडला नाही.

मग दुसरी गोष्ट, आणि ही आपल्या कानाची. वरचे उपस्वर नीट ओळीनं ऐकू आले, १३८, २०७, २७६ असे, तर मूळ ६९ हजर नसला तरी कान तो सूर धरतो. खालचा सूर मनात उभा राहतो. या गोष्टीवर युरोपात एकोणिसाव्या शतकापासून वाद होता. १९४० च्या सुमारास हॉलंडमध्ये यान स्हाउटन या संशोधकानं त्यावर बारकाईनं काम केलं. आणि तो काम कुठे करत होता? फिलिप्सच्या प्रयोगशाळेत. ज्या कंपनीचे रेडिओ आपल्या घराघरांत होते, त्याच कंपनीत. गंमत म्हणून सोडून द्या, पण लक्षात ठेवण्यासारखी गंमत आहे.

बायकांच्या आवाजाचं काय? गायिकेची पट्टी काळी चार, काळी पाच. षड्ज २०८ ते २३३ हर्ट्झ. तिची खर्जाची तारही शंभरच्या वर. म्हणजे उघड्या फळीच्या पेटीनं गायिकेचं जवळजवळ काहीच काढून घेतलं नाही. उलट जिथे ही पेटी सगळ्यात भरून वाजते, साधारण ३८० हर्ट्झच्या आसपास, तो पट्टा गाणाऱ्या गळ्याचाच आहे. रेडिओच्या काळात भावगीत घराघरांत शिरलं, त्याची कारणं पुष्कळ आहेत. कवी आहेत, संगीतकार आहेत, केंद्रांची धोरणं आहेत. पण ती पेटीही गळ्याला साथ देणारी होती, एवढं आम्ही नक्की म्हणू.

डग्ग्याचं मात्र नुकसान झालं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये आपल्या तालवाद्यांवर लिहिलं. शाईमुळे तबल्या-मृदंगाच्या पुडीचे उपस्वर तारेसारखे ओळीत येतात, हे त्यांनी दाखवलं. दायां, म्हणजे उजवा तबला, या कारणानं रेडिओवर स्पष्ट वाजतो. डग्ग्याची गोष्ट वेगळी. त्याची शाई मध्यावर नसते, बाजूला असते. त्याचे उपस्वर तसे ओळीत बसत नाहीत, आणि त्याचा जीव सगळा खालच्या घुमाऱ्यात. पेटीतून थाप ऐकू यायची, मींड कळायची, पण पोटात जाणवणारा घुमारा नाही. पखवाजाची तीच गत. पैठणच्या वाटेवर कीर्तनात मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, ती धूम ज्यांनी समोर बसून ऐकली आहे, त्यांना रेडिओवरचं कीर्तन ऐकताना फरक लगेच कळायचा.

इथे तुम्ही म्हणाल, मग ते "काय घुमायचा" म्हणणारे आजोबा चुकले का? नाही. आता तिकडेच येतो.

तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक, रेडिओच्या स्पीकरचं चुंबक बेताचं असायचं, त्यामुळे पडद्याला लगाम कमी. आपल्या नैसर्गिक सुरावर, शंभरच्या आसपास, तो जरा जास्तच झुलायचा. दोन, शेवटच्या व्हॉल्व्हचा स्वभाव असा, की तो हा झोका आवरत नाही, उलट वाढवतो. तीन, पेटीचं पातळ लाकूड स्वतःही थोडं थरथरायचं. एरवी या तिन्ही खोडीच म्हणायच्या. पण उघड्या फळीमुळे जिथे आवाज पडायला लागतो, नेमक्या तिथेच या खोडी त्याला उचलून धरायच्या. बातम्या देणाऱ्या पुरुषाच्या आवाजाचा पाया शंभर ते दीडशे हर्ट्झमध्ये असतो. तो पाया या उचलीवर बसला की आवाज भारदस्त वाटतो. त्याच्या खाली काही नाही, हे कळत नाही, कारण खालचं कान भरून घेतो.

आणखी एक. मध्यमलहरींवर वरचे सूरही साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या पुढे येत नसत. जुन्या रेडिओ अभियंत्यांचा एक ठोकताळा होता : खालची मर्यादा गुणिले वरची मर्यादा साधारण चार-पाच लाख आली, तर आवाज कानाला समतोल वाटतो. १०० गुणिले ४५०० करा. साडेचार लाख. खर्ज कापलेला आणि टीपही कापलेली, म्हणून तराजू समान. त्याच पेटीला खाली ४० हर्ट्झपर्यंत खर्ज दिला असता आणि वर तेच साडेचार हजार ठेवले असते, तर बातम्या घागरीत तोंड घालून दिल्यासारख्या वाटल्या असत्या.

म्हणजे आठवण खरी आहे. तिनं भरदारपणा बरोबर टिपला. आणि गणितही खरं आहे, त्यानं खर्ज नव्हता हे बरोबर सांगितलं. चूक आपली होते, आपण 'भरदार' आणि 'खर्ज' यांना एकच समजतो म्हणून. तोंडी इतिहास गोळा करताना हे आम्हाला फार उपयोगी पडलं. माणसानं सांगितलेलं वाक्य खोडण्याआधी, त्यातला शब्द तो कोणत्या अर्थानं वापरतो हे विचारायला हवं.

आता उघड्या फळीच्या गुणांबद्दल. नुसती मर्यादा सांगून थांबलो तर अन्याय होईल.

पहिला गुण, ती पुढे आणि मागे बोलते, पण बाजूला बोलत नाही. मराठी आठचा आकडा नको, इंग्रजी आठ डोळ्यांसमोर आणा. दोन पोटं, मधे चिमटा. त्या चिमट्यात आवाज जवळजवळ शून्य. समोर तेवढाच आवाज ठेवून खोलीत एकूण ओतलेली शक्ती बंद खोक्याच्या एक तृतीयांश भरते. म्हणजे भिंती, छत, जमीन कमी उठतात, आणि शब्द कानात स्वच्छ येतो. ज्यांना खोली आवाजाचं काय करते हे अनुभवायचं असेल, त्यांनी वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात, विश्वकर्म्यात, दोन मिनिटं उभं राहून बोलावं. शब्द सुटतच नाही, लांबत राहतो. आपल्या घरांची शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती हे त्याचंच छोटं रूप.

दुसरा गुण, खोलीतला खर्ज गढूळ होत नाही. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ४७ आणि ५७ हर्ट्झला हवा स्वतःहून घुमायला लागते. बंद खोकं ही घुम सगळीकडून जागी करतं. उघडी फळी ती कमी जागी करते. जो थोडा खर्ज येतो तो सुटसुटीत येतो. डग्ग्याची एक थाप संपून दुसरी सुरू झाली हे कळतं.

तिसरा गुण, खोक्याचा स्वतःचा आवाज नाही. बंद पेटीत कोंडलेला मागचा आवाज पातळ कागदातून परत पुढे येतो. उघड्या पाठीला तो प्रश्न नाही.

चौथा गुण सामाजिक म्हणा. शेजाऱ्याला त्रास कमी. भिंतीतून पलीकडे जातो तो मुख्यतः खर्ज, आणि तोच इथे कमी.

हे गुण पुढे जगानं पुन्हा शोधले. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बंद, हवाबंद खोक्याचा छोटा स्पीकर आणला आणि खर्ज लहान घरात आला. तिथून उघडी फळी मागे पडली. पण १९५७ मध्येच इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाडनं विद्युत्स्थितिक स्पीकर विकायला काढला, पातळ पडदा, मागून पूर्ण उघडा. पुढे झीगफ्रीड लिंकविट्झ या अभियंत्यानं अनेक वर्षं उघड्या फळीचे स्पीकर बनवून आणि त्यांचं गणित सगळ्यांना खुलं करून तिची बाजू मांडली. किंमतही सांगितली. बंद खोक्यात सूर एक सप्तक खाली नेला की पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. उघड्या फळीत आठपट. म्हणजे मोठा स्पीकर, जास्त वीज, आणि तरीही तळाशी एक रेषा, जिच्या खाली जायचं नाही.

आपल्याकडे काय झालं? साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला. तापणारे व्हॉल्व्ह गेले, पेटी लहान झाली, पाठ बंद झाली. पण स्पीकर तळहाताएवढा, म्हणून खर्ज आणखी कमी. मग ऐंशीच्या दशकात टीव्ही. आपल्या चितेगावच्या कारखान्यातले व्हिडिओकॉनचे संच आठवा. त्या डबा टीव्हींच्या पाठीला गरमी जायला फटी असायच्याच. म्हणजे रविवारी सकाळी अख्ख्या आळीनं जे ऐकलं, तेही थोड्याफार उघड्या पाठीतूनच. शहरानं दोन-अडीच पिढ्या खर्जाशिवाय, किंवा खरं तर खर्ज मनातून भरत, ऐकलं.

आणि आज? मिरवणुकीत डीजेची भिंत जाते. खाली अठरा-अठरा इंचांचे स्पीकर, खोक्यांत, रांगेनं. तिथे खर्ज एवढा, की शब्दच सापडत नाही. खिडकीची तावदानं वाजतात, छातीत धडधडतं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा कागदावर आहे. ज्या शहराच्या कानाला खर्ज कल्पनेनं भरायची सवय होती, त्या शहरात खर्ज आता बाहेरून आत घुसतो. यावर आम्ही उपदेश करणार नाही. पण रेडिओच्या काळाबद्दल आपण 'तेव्हा शांतता होती' म्हणतो, तेव्हा त्या शांततेत या मोकळ्या पाठीचाही वाटा होता, एवढं ध्यानात ठेवू.

शेवटी एक विनंती, आणि आजचं भाषण खरं तर तिच्यासाठीच आहे. माळ्यावरचे जुने रेडिओ आता झपाट्यानं निघताहेत. कुणी आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवतं, मागे फळी ठोकून पाठ बंद करतं, म्हणजे "बेस येतो". बाहेरून जुना, आतून नवा. दिवाणखान्यात शोभतो. पण त्या पेटीचं जे खरं दस्तऐवजी मोल आहे, ते तिच्या आवाजात आहे. जुन्या कागदावरची शाई पुसून नवं छापलं तर तो कागद दस्तऐवज राहतो का? तसंच हे. तुमच्या आजीनं बातम्या कशा ऐकल्या, हे सांगणारा आता तेवढा एकच साक्षीदार घरात आहे. त्याची पाठ बंद करू नका. चालू करता येत नसेल तर निदान जसा आहे तसा ठेवा. एवढंच.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : आमच्याकडे आजोबांचा रेडिओ आहे. वीस वर्षं बंद आहे. घरी लावून बघू का?

उत्तर : कृपया लगेच प्लग लावू नका. आत दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, आणि काही संचांचा लोखंडी सांगाडाच थेट विजेच्या तारेला जोडलेला असतो. हात लागला तर जिवावर बेतेल. जुने कपॅसिटर वाळलेले असतात. व्हॉल्व्हचं काम येणाऱ्या माणसाकडे न्या. आणि त्याला आधीच सांगा, कागदी पडदा फाटला असेल तर चिकटवा, स्पीकर बदलू नका. पाठीचं पुठ्ठ्याचं झाकण टाकून देऊ नका.

प्रश्न : आमच्या वाड्यात रेडिओ कोनाड्यात असायचा. त्याचा आवाज बाहेरच्यापेक्षा जास्त घुमायचा असं आई सांगते.

उत्तर : आई बरोबर सांगतात. कोनाडा पेटीच्या मापाचा असेल, तर मागचा आवाज कोंडला जातो, बाजूनं पुढे येत नाही. भिंतच फळी होते. खालचा सूर वाढतो, पण कोंडलेल्या हवेमुळे एकाच सुरावर घुमतो, म्हणून शब्द जरा जड होतो. शिवाय व्हॉल्व्ह तापतात. एक मिळवलं की एक जातं. उघड्या फळीचा सगळा इतिहास असाच आहे.

प्रश्न : घरी उघड्या फळीचे स्पीकर करायचे म्हटलं तर खर्जाचं काय करायचं?

उत्तर : बारा किंवा पंधरा इंची स्पीकर घ्या, ज्याला लगाम कमी आहे असा. अठरा मिलिमीटरचं प्लायवूड, कडा मागे वळवलेल्या, म्हणजे रुंदी न वाढवता रस्ता लांब होतो. भिंतीपासून निदान तीन फूट पुढे ठेवा, नाहीतर मागचा आवाज भिंतीवर आपटून लगेच परत येतो. आणि ८०-१०० हर्ट्झच्या खालचं काम वेगळ्या बंद खोक्याच्या सबवूफरला द्या. फळीकडून जे होत नाही ते तिच्याकडून मागू नका. तेवढं पाळलंत, तर गळा, सतार, बासरी, उजवा तबला यांसाठी इतकं मोकळं दुसरं काही आम्ही ऐकलेलं नाही.

प्रश्न : मग शेवटी तुमचं मत काय, खर्ज नसल्यानं त्या पिढ्यांचं नुकसान झालं की नाही?

उत्तर : डग्ग्याच्या बाबतीत झालं. ज्यांनी मैफल समोर बसून कधीच ऐकली नाही, त्यांना घुमारा म्हणजे काय हे रेडिओनं सांगितलं नाही. हे नुकसान मान्य करायला हवं. पण ज्यांनी गावातल्या कीर्तनात मृदंग ऐकला होता, त्यांनी रेडिओसमोर बसून तो मनातून भरला. म्हणजे पेटीची उणीव गावातलं जिवंत वाद्य भरून काढत होतं. आम्हाला विचाराल तर आजही मुलांना हेडफोन देण्याआधी एकदा पखवाजासमोर नेऊन बसवा. पुढे कुठल्याही स्पीकरमधून काय गळलं आहे, हे त्यांचं त्यांनाच कळेल.